न लिहिलेला घास

सिस्टरने मापाची टेप माझ्या उघड्या पोटावर ताणली, आकडा पाहिला, टेप सोडली, पुन्हा ताणली आणि कागदावर चौतीस लिहिलं. तिसावा आठवडा चालू होता, आणि जितके आठवडे तितकेच सेंटिमीटर यायला हवेत. चारचा फरक काय असतो हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आठ वर्षांपूर्वी असाच फरक निघाला होता आणि सगळ्या वॉर्डाने माझ्या पोटाचं कौतुक केलं होतं. वाटलं, ती टेप हिसकावून तिच्याच गळ्याभोवती आवळावी. बिचारीचा काय दोष? काहीच नाही. पण माझा राग दोष बघून येत नाही. तो आधी येतो आणि मग समोर कोण आहे ते बघतो. पावाच्या कारखान्यात मला तोफ म्हणतात ते उगीच नाही. मग सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले की बाळाचं डोकं वेळेवर आहे, पण पोटाचा घेर पुढे चाललाय. पुढच्या खोलीत चार्टवाली बसली होती. ती आहार ठरवून देते, म्हणून मी तिला चार्टवाली म्हणते. तिने माझी वही उघडली. वहीत मी बारा आठवडे खाल्लेला प्रत्येक घास लिहिला होता आणि बोट टोचून काढलेली साखर शेजारी. ती पेन्सिलीने खुणा करत गेली आणि म्हणाली की सुट्टीच्या दिवशी दुपारची साखर छान आहे, एकशे आठ, एकशे बारा. कामाच्या दिवशी तीच एकशे ऐंशीच्या घरात जाते. जेवण तर दोन्हीकडे सारखंच लिहिलंय. कामावर काय खाता, तिने विचारलं. घरचा डबा, मी म्हणाले. त्याशिवाय काही? त्याशिवाय काही नाही. मी खोटं बोलत नव्हते.

दवाखान्यापासून घर पंचवीस मिनिटांवर आहे. मी चालत निघाले, कारण बसमध्ये कुणाचा धक्का लागला असता तर मी त्याला फोडून काढलं असतं. चालता चालता तो आवाज ऐकू यायला लागला. पहिल्या बाळंतपणात डोकं बाहेर आलं होतं, सगळे हसले होते, आणि मग एकदम कुणी हसेना. खांदा हाडामागे अडकला होता. दोघींनी माझे गुडघे छातीत दाबले. तिसरी स्टुलावर चढली आणि मूठ वळून माझ्या ओटीपोटावर अंगाचं वजन टाकून दाबायला लागली. डॉक्टर घड्याळ बघत ओढत होते. माझ्या पोटात चार माणसांची मारामारी चालली होती आणि मारामारीचं कारण मधे अडकून निळं पडत होतं. मग तो आवाज आला, गरम पावाच्या कडक सालीवर अंगठा दाबला की येतो तसा. माझ्या मुलीच्या गळ्याचं हाड होतं ते. हाड महिन्यात जुळलं. मानेतून हातात जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या, त्या मात्र जुळल्या नाहीत. चार किलो सातशे ग्रॅम. वजनकाट्याशी कुणीतरी म्हणालं, अरे हा तर पैलवान, आणि ते नाव तिला चिकटलं. आता पैलवान आठ वर्षांची आहे. डावा हात खांद्याइतका वर जात नाही. फ्रॉकचं बटण ती एका बाजूने दातांत धरून लावते, आणि वर्गात डावीकडच्या बाकावर बसते, म्हणजे तो हात भिंतीकडे राहतो.

त्या वेळी मला कुणी काही सांगितलं नव्हतं. पोटुशी आहेस, दोघांचं खा, एवढंच. मी पांढरा पाव खाल्ला, बटाटे खाल्ले, साखर घातलेलं दूध तांब्याने प्यायले. या खेपेला पहिल्याच भेटीत चार्टवालीने समोर बसवून सांगितलं. आईच्या रक्तात साखर वाढली की ती बाळाकडे जाते, बाळ ती साठवतं, आणि साठवतं ते पोटावर अन् खांद्यांवर. उपाशी राहायचं नाही, ती म्हणाली, ते तर अजिबात नाही, त्याने बाळ खुरटतं. फक्त कुठलं पीठ खायचं ते निवडायचं. काही पिठांची साखर भराभरा होते, काहींची सावकाश. जाडंभरडं धान्य, डाळी, घेवडा, भाज्या. याने सगळं नीट होईलच असा शब्द ती कुणाला देत नाही, पण बाळाचं माप आटोक्यात राहायला मदत होते. मी मान डोलावली. मला वेगळं समजावायला नकोच होतं. पांढऱ्या पिठाची साखर किती लवकर होते हे माझ्या जिभेइतकं कुणाला माहीत नसेल. पोटातल्या या बाळाचा खांदा माझ्या ताटावर ठरणार होता, आणि ताट माझ्या हातात नव्हतं. ते सासूच्या हातात होतं.

सासूबाई एका शाळेच्या खानावळीत तीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. माझ्या नवऱ्याच्या आणि दिरांच्याही आधी त्यांना एक मूल झालं होतं, मुलगी, दोन किलोलाही कमी. चार दिवस जगली. त्याबद्दल त्या बोलत नाहीत, पण कुणाचंही तान्हं मूल हातात आलं की आधी दोनदा वरखाली करून त्याचं वजन बघतात आणि मगच तोंड बघतात. पैलवान झाली तेव्हा मला टाके घालत होते, मुलीला आत नेलं होतं आणि ती जगते की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दाराबाहेर या बाई पदराने डोळे पुसत आनंदाने रडत होत्या. पावणेपाच किलो गं, पावणेपाच किलो. ते मी ऐकलं होतं. आठ वर्षं मी त्यांच्या हातचं जेवले, त्यांना आई म्हणाले, ताप आला तेव्हा त्यांचे पाय चेपले, आणि ते रडणं एक दिवसही विसरले नाही. या खेपेला त्यांनी चार्ट भिंतीला लावून तोंडपाठ केला होता. पाखराचं खाणं हे, असं पुटपुटत त्या रोज पहाटे उठून माझा डबा भरायच्या. सुट्टीच्या दिवशी मी स्वयंपाकघरात समोर बसलेली असायची आणि साखर एकशे आठ. कामाच्या दिवशी त्या एकट्या असायच्या आणि साखर एकशे ऐंशी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत माझा हिशेब पुरा झाला होता.

घरात पाऊल टाकलं तेव्हा त्या खाली बसून शेंगा निवडत होत्या आणि पैलवान टेबलाशी चित्र काढत होती. मी चप्पलही काढली नाही. फळीवरचे डबे एकेक करून उघडले आणि ओट्यावर उपडे केले. डाळ, धान्य, मीठ. काय शोधतेयस, त्यांनी विचारलं, दोनदा विचारलं. त्यांच्या खोलीतल्या कपाटात, साड्यांमागे, पत्र्याचा एक डबा सापडला. साखरेचा. तो हातात घेऊन मी त्यांच्यापुढे उभी राहिले. त्या म्हणाल्या, "माझ्या चहाची आहे ती. तुझ्या डोळ्यांसमोर नको, म्हणून आत ठेवली." आणि मग, माझ्या तोंडाकडे बघून, "मी तुझ्या डब्यात काही घातलं नाही गं." त्यांचा आवाज शांत होता आणि तो शांतपणाच मला सहन झाला नाही. माझा हात मागे गेला. मला आठवतं की तो मागे जाताना खांद्यातून किती सहज वळला, आणि तेवढ्यात मनात येऊन गेलं की माझ्या मुलीला हे कधी जमणार नाही. डबा त्यांच्या कपाळावर कडेने बसला. साखर भिंतीपर्यंत उडाली. त्या बसल्या जागी एका बाजूला कलंडल्या, रक्त भुवईवरून डोळ्यात आणि डोळ्यातून शेंगांच्या परातीत पडायला लागलं, आणि तरी माझं पोट भरलं नव्हतं. मी ओरडत होते. चार दिवसांच्या मेलेल्या पोरीसाठी तुम्ही माझ्या दोन पोरांचे हात मोडणार आहात का, असं काहीतरी. ते वाक्य डब्यापेक्षा जोरात लागलं. त्यांनी कपाळावरचा हात काढून पोटाशी घेतला. पैलवान खुर्ची सरकवून उठली, धड हाताने टॉवेल ओढला आणि आजीच्या कपाळावर दाबून धरला. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

तीन टाके पडले. कपाटाचं दार लागलं, असं सासूबाईंनी डॉक्टरांना सांगितलं. नवरा बस चालवतो. संध्याकाळी तो आला, मी त्याच्यापुढे वही उघडली, सुट्टीचे आकडे आणि कामाचे आकडे बोटाने दाखवले.  तो आईच्या खोलीत गेला, दार लोटून घेतलं, आणि बाहेर येऊन म्हणाला की ती काही घातलं नाही म्हणते. मग म्हणाला, तुझं होईपर्यंत आई दादाकडे राहील, उद्या दुपारी मी सोडून येतो. मी हो म्हणाले. मला बरं वाटत होतं, खरंच सांगते. कुणाला तरी मारून जे बरं वाटतं ते लगेच जात नाही, रात्रभर अंगात राहतं आणि झोपही छान लागते. दुसऱ्या दिवशी डबा मी स्वतः भरला. जाडं धान्य, डाळ, घेवडा, सगळं माझ्या हाताने, मोजून.

कारखान्यात माझं काम चाखण्याचं. आधी मी कणकेच्या टेबलावर होते. दहा वर्षं कणीक आपटली. उचलायची, डोक्याच्या वर न्यायची, आपटायची, मूठ रोवायची, पुन्हा उचलायची. ते काम माझ्या स्वभावाचं होतं. पोट दिसायला लागल्यावर मुकादमाने मला भट्टीशी बसवलं. प्रत्येक घाणा बाहेर आला की त्यातला पहिला पाव चाखणारीकडे येतो. तो फोडायचा, वास घ्यायचा, मऊ भाग दाबून बघायचा आणि एक मोठा घास सावकाश चावायचा. पाव तोंडात चावत राहिलं की गोड होत जातो. कणीक नीट फुगलेली असली तर वीस वेळा चावेपर्यंत गोड होतो, कच्ची राहिली असली तर चाळीसदा चावावं लागतं. हे कुठल्या यंत्राला कळत नाही. माझ्या आधी होती त्या म्हातारीने मला हे शिकवलं, आणि हेही की घास गिळायचा. मुकादमाला अन्न थुंकलेलं चालत नाही. सकाळच्या पाळीत सोळा घाणे निघतात. त्याला आम्ही कुणी खाणं म्हणत नाही. जेवायची सुट्टी दहाला होते, तेव्हा आम्ही खातो. बाकी वेळ काम करतो.

त्या दिवशी दहाला मी माझ्या हातचा डबा खाल्ला आणि बाराला, दोन घाण्यांच्या मधे, बोट टोचलं. एकशे ब्याऐंशी. मला वाटलं मशीन बिघडलं. भट्टीवाला फावडं टेकून घाम पुसत होता, त्याचा हात ओढून घेतला आणि त्यालाच टोचलं. त्याची एकशे चार. तो बोट चोखत हसला. म्हणाला, "माझी कशी चढेल? मी सकाळपासून नुसत्या चहावर आहे, तोही बिनसाखरेचा. तू पाव खातेस." आणि त्याने नव्या घाण्यातला पहिला पाव माझ्यापुढे टाकला. मी तो फोडला, वास घेतला, घास तोंडात भरला आणि चिडून म्हणाले, "मी पाव खात नाही." घासामुळे शब्द नीट फुटलेही नाहीत. तो अजून हसतच होता. मी चावत राहिले, सवयीने मोजत राहिले, बारा, तेरा, चौदा, आणि सतराव्याला तोंडभर गोड झालं. पांढरंशुभ्र, हलकं, लगेच विरघळणारं गोड.  सोळा घास. बारा आठवड्यांपूर्वी, वही लिहायला सुरुवात केली त्याच आठवड्यात, मुकादमाने मला इथे बसवलं होतं. मी तो घास हातावर थुंकला. भट्टीवाल्याचं हसू थांबलं. बाळाने आतून एक लाथ मारली, इतक्या जोरात की एप्रन हलला, आणि मला वाटलं, मार, अजून मार, तुझा हक्क आहे.

पळत घरी जायचं ठरवलं होतं. आज सांगायचं, पाय धरायचे, दादांकडे जायला निघाल्या असतील तर अर्ध्या वाटेवर गाठायचं. पाळी सुटली आणि मी निघाले, आणि प्रत्येक चौकात माझी चाल मंद होत गेली. घरी पोचले तेव्हा त्यांची खोली रिकामी होती, चादर घडी करून ठेवलेली, भिंतीवरचा चार्ट तसाच. नवरा म्हणाला की वाटभर आई एक शब्द बोलली नाही, म्हणजे समजायचं ते मी समजलो. त्याचे डोळे लाल होते. त्याने स्वतःच्या आईला गुन्हेगार ठरवून नुकतंच दुसऱ्याच्या दारात सोडलं होतं. त्याला मी काय सांगणार होते? तेवढ्यापुरतं गप्प राहिले. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक घास चावून कागदात थुंकायला आणि कागद एप्रनच्या खिशात कोंबायला लागले. दुपारची साखर एकशे चौदा. नवऱ्याने आकडा बघितला आणि म्हणाला, बघ. तो एकच शब्द. त्यानंतर खरं सांगणं दर दिवशी अवघड होत गेलं. वहीतला प्रत्येक चांगला आकडा सासूबाईंच्या विरुद्ध साक्ष देत होता आणि ती साक्ष रोज मी माझ्या हाताने लिहीत होते. चार्टवालीने पाठ थोपटली, बाळाचा वेग खाली आलाय म्हणाली, घरी काय बदललंत? मी म्हटलं, सासूबाई गावाला गेल्यात. ती समजल्यासारखं हसली. एकदा पैलवानला अंघोळ घालत होते, तर पाठमोरीच तिने विचारलं, आजी तुझ्या डब्यात विष घालायची का? नाही गं, मी म्हणाले, साखर. हे मी माझ्या मुलीला सांगितलं, स्वतःच्या तोंडाने, तिच्या लुळ्या हाताला साबण लावत. त्या दिवशी मोरीतल्या भिंतीवर मी मूठ इतक्या जोराने आपटली की दोन बोटं सुजली. भिंतीला काही झालं नाही.

कळा सकाळी सुरू झाल्या. मी कळांना घाबरत नव्हते. शरीर आतून पिळून निघत होतं, पाठ मोडत होती, मी सिस्टरच्या दंडाला चावले, डॉक्टरांना शिव्या घातल्या, आणि हे सगळं मला हवंच होतं. इतकी मारझोड कुणीतरी मला करायला हवी होती. घाबरत होते ते एका क्षणाला. डोकं बाहेर आलं. मी श्वास धरला आणि सगळ्यांची तोंडं बघितली. आता हसू थांबेल, आता कुणीतरी स्टुलावर चढेल. डॉक्टर म्हणाले, हलकेच, आणि खांदा सुटला, आणि दुसरा, आणि बाळ घसरून त्यांच्या हातात आलं. तीन किलो अडीचशे. छातीवर ठेवलं तेव्हा त्याने दोन्ही मुठी वर उचलल्या आणि माझ्या गळ्यावर आपटल्या. डावी, उजवी, डावी. मी ओक्साबोक्शी रडले. सगळ्यांना वाटलं आनंदाने. आनंद होताच, पण त्याच्या बरोबर जे वर आलं होतं त्याचं नाव मी कुणाला सांगणार?

तिसऱ्या दिवशी मोठे दीर सासूबाईंना घेऊन आले. दहा आठवड्यांत त्या निम्म्या झाल्या होत्या. भुवईच्या वर पांढरट रेघ होती आणि तिथे केस उगवले नव्हते. त्या पलंगापासून दोन हात लांब उभ्या राहिल्या. नवऱ्याने खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत. मी बाळ त्यांच्याकडे धरलं. कुणाचंही मूल आधी वरखाली करून बघणाऱ्या त्या बाईंनी हात पाठीमागे नेले.

"माझ्याकडे नको देऊस," त्या म्हणाल्या. मग बाळाचे दोन्ही हात नीट बघून घेतले, एक, दोन, आणि माझ्याकडे वळल्या. "एक विचारू? मी दादाकडे बसून रोज आठवत होते. पहाटे उठायचे, डबा भरायचे. मला काही घातल्याचं आठवत नाही. पण आकडे खोटं बोलत नाहीत, सगळे म्हणतात. आणि मोठं मूल व्हावं असं माझ्या मनात होतं, ते काही खोटं नाही. म्हणून विचारते. माझ्या हातून नकळत पडत असेल का गं? तू तर समोर वही लिहायचीस. तुला काय वाटतं?"

नवरा खिडकीशी होता. दीर दारात. पैलवान पलंगाच्या पायथ्याशी, आजीचा पदर उजव्या हातात धरून. माझ्या तोंडात शब्द होते आणि ते दहा आठवडे चावून चावून माझा जबडा दुखत होता.

"तुम्ही काही घातलं नाही, आई," मी म्हणाले. "मी कामावर पाव चाखायचे. रोज सोळा घास. ते मी वहीत लिहिले नाहीत. तुमच्या डब्यात काही नव्हतं."

 नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. सासूबाईंनी पलंगाची कड धरली आणि सावकाश खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर उठून माझ्या थोबाडीत देतील, आणि मी गाल पुढे करायला तयार होते. त्यांनी तसलं काहीच केलं नाही. आजारी माणसाला विचारावं तशा हळू आवाजात एवढंच विचारलं.

"तुला कधी कळलं?"

पैलवान माझ्याकडे बघत होती, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"दुसऱ्याच दिवशी," मी म्हणाले. "तुम्हाला सोडायला हे निघाले, त्याच्या आधी."